अंगावरचं चालू, म्हशीचं बंद

बाळाच्या शीमध्ये रक्त दिसलं की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "तुझं दूध बाधतंय, बंद कर." मी ते ऐकलंय. आणि आत्ता, याच आठवड्यात, कुठल्यातरी गावात एखादी बाळंतीण हेच ऐकत बसली असेल. तिच्यासाठी हे लिहितेय. अंगावरचं तोडू नकोस गं. कित्येकदा बाधतं ते तुझं दूध नव्हे, तू खातेस-पितेस त्या गाईम्हशीच्या दुधातलं प्रथिन. आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि तू काय काय खातेस ते त्यांना नीट सांग.

माझं माहेर खानापूर भागातलं, सासर येळ्ळूर. गोठ्यात म्हशी आहेत. बाळंतपणात मला दूध कमी पडू नये म्हणून सगळ्यांचा जीव वरखाली. सकाळी दुधाचा पेला, जेवणात तुपाचा भात, दुपारी ताक, रात्री आळिवाची खीर, तीही दुधातलीच. भेटायला येणारा प्रत्येकजण बेळगावातनं कुंदा, म्हणजे आटवलेल्या दुधाची मिठाई, घेऊन यायचा. बाळी दुसऱ्या महिन्यात होती तेव्हा एका सकाळी तिच्या लंगोटात हिरवट, बुळबुळीत शी दिसली. सगळा आवच. लंगोट जुन्या धोतराचा, पांढरा, म्हणून बरं. खिडकीशी नेऊन बघितला तर आवेत सुईत ओवायच्या दोऱ्याएवढी तांबडी रेघ होती. बाळी मात्र हसत होती, पीत होती, अंगणवाडीतल्या काट्यावर वजनही वाढत होतं.

फोटो काढला आणि लंगोट तसाच पिशवीत घालून घेतला. डॉक्टरांना नुसतं सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं असतं.

पहिल्या दवाखान्यात अंगावरचं बंद करून पावडरीचा डबा सुरू करायला सांगितलं. मला अजूनही त्याचा राग येतो, कारण नेहमीची पावडर गाईच्या दुधापासूनच बनवतात. ज्या गोष्टीनं बाळाचं आतडं सुजलंय तीच बाटलीनं थेट पोटात घालायची आणि आईचं दूध मात्र तोडायचं! डब्यांची जाहिरात करायला आपल्याकडे १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे, तरी डबा इतका सहज हातात येतो. प्रथिनांचे बारीक तुकडे केलेली खास पावडर वेगळी असते. ती फार महाग पडते, आणि आई पाजत असेल तर बहुतेक वेळा तिची गरजच पडत नाही.

दुसऱ्या डॉक्टरबाईंनी आधी बाळीला तपासलं. गुदद्वाराशी चीर आहे का, ताप आहे का, पोट फुगलंय का, सगळं बघितलं. मग कागदावर चित्र काढून सांगितलं. आई गाईम्हशीचं दूध पिते, त्यातल्या प्रथिनाचा अगदी थोडा अंश तिच्या रक्तातून अंगावरच्या दुधात उतरतो. बहुतेक बाळांना त्याचं काही होत नाही. काहींच्या आतड्याला ते सोसत नाही, तिथलं अस्तर सुजतं आणि आव-रक्त पडतं. या प्रकारात रक्ताची नेहमीची अॅलर्जीची तपासणी काही सांगत नाही, म्हणून त्यांनी ती लिहूनच दिली नाही. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, न पचणं ही निराळी गोष्ट. ती साखर आईच्या अंगातच तयार होते, आई दूध पिवो न पिवो. त्यामुळे 'लॅक्टोज-फ्री' दूध आणून इथे काही उपयोग नाही. त्यात प्रथिन तसंच असतं.

मग त्यांनी मला दोन ते चार आठवडे दुधाचं सगळं बंद करायला सांगितलं. म्हशीचंही आणि शेळीचंही, कारण ही प्रथिनं एकमेकांच्या जवळची असतात. घरी कढवलेल्या तुपातही बेरीचा अंश राहतो, म्हणून तूपही नको.

घरी आल्यावर आत्या एवढंच म्हणाल्या, "मग खायचं काय पोरीनं?" (सासूला मी आत्याच म्हणते.) शेजारच्या काकूंनी गाढवीचं दूध सुचवलं. आमच्याकडे गल्लीत ओरडत येतात विकायला, चमचाभर पाजलं की पोर धट्टंकट्टं होतं म्हणतात. मी हात जोडून नाही म्हटलं. सहा महिन्यांच्या आत आईच्या दुधाशिवाय काहीही द्यायचं नाही, आणि कच्चं दूध तर मुळीच नाही.

पण आत्यांच्या त्या प्रश्नाचं उत्तर आत्यांनीच शोधलं, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांनी नारळ खवून पाट्यावर वाटला, फडक्यातून पिळून घट्ट दूध काढलं आणि आळीव त्यात भिजवले. गूळ घातला. वेलची कुटून घातली. खीर चाखून बघितली, पुन्हा थोडा गूळ घातला आणि मग वाटी माझ्यापुढं सरकवली. डिंक शेंगदाण्याच्या तेलात फुलवून लाडू वळले. हुलग्याचं माडगं, शेपूची भाजी, शेवग्याचा पाला, नाचणीची भाकरी, तिळाची आणि कारळ्याची चटणी. अंबील ताकाऐवजी नुसतीच आंबवून, वरून लसूण-जिऱ्याची फोडणी तेलाची. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि तिळात त्याहून कितीतरी जास्त. तरी डॉक्टरबाईंनी कॅल्शियमच्या आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्याच. पाजणाऱ्या बाईला रोज हजार-बाराशे मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. दूध बंद केल्यावर ते नुसतं आपोआप भरून येईल या भरवशावर राहू नये.

अंगणवाडीत मातृपूर्ण योजनेचं जेवण मिळतं. २०१७ पासून कर्नाटकात ते गरोदर आणि पाजणाऱ्या बायकांना देतात : भात, आमटी, अंडं, शेंगदाण्याची चिक्की आणि दूध. मी दूध बाजूला ठेवून बाकी सगळं खायची. ताई चांगल्या होत्या, कारण विचारलं आणि लक्षात ठेवलं.

बाहेर मात्र जपावं लागतं. बिस्किट, पाव, टोस्ट, फरसाणातली शेव, कशातही दूध असू शकतं. पुड्यावर 'मिल्क सॉलिड्स', 'व्हे', 'केसीन' लिहिलेलं असलं की ठेवून द्यायचं. हॉटेलात डोसा सांगताना "बेण्णे हाकब्याड्री, तुप्प हाकब्याड्री" (लोणी घालू नका, तूप घालू नका) एवढं कन्नड माझं पक्कं झालं.

पहिल्या आठवड्यातच तांबडी रेघ गेली. आव जायला जरा वेळ लागला. मग आला तो सगळ्यात अवघड भाग, आणि बऱ्याच घरांत नेमका तोच गाळतात. दूध परत खाऊन बघायचं. बाळ बरं झालं ते दूध सोडल्यामुळेच, की आपोआप, हे त्याशिवाय कळत नाही. कारण नसताना बाईनं महिनोन्‌महिने दूधदुभतं सोडणं हाही अन्याय आहे तिच्यावर. मी आधी दुधाचा चहा घेतला, मग दही. काही दिवसांनी लंगोटात पुन्हा तीच रेघ. रडू आलं, पण संशय फिटला. मग पुन्हा दूध बंद, आणि पाजणं जसंच्या तसं चालू.

एक मात्र ध्यानात ठेवा. रडणारं प्रत्येक बाळ दुधानं रडत नसतं. पहिल्या दीड-दोन महिन्यांत बाळं संध्याकाळी रडतातच. शी हिरवी झाली म्हणून लगेच आईचं ताट रिकामं करू नका. गहू बंद, डाळ बंद, वांगं बंद, अंडं बंद असं एकदम सगळं सोडणाऱ्या बाया मी पाहिल्यात. वाळून जातात नुसत्या. आणि उलट, ताप, बाळ मलूल पडणं, वारंवार ओकाऱ्या, वजन न वाढणं, भरपूर रक्त, अंगावर गांधी उठणं, तोंड सुजणं किंवा श्वासाला त्रास, यातलं काहीही असेल तर घरगुती प्रयोग नकोत. तडक दवाखाना.

सहा महिन्यांनंतर बाळीला तांदळाची पेज, मुगाचं कढण, पाण्यात शिजवलेलं नाचणीचं सत्त्व सुरू केलं. बारशाला कुंदा वाटणाऱ्या घरात तिच्या पहिल्या वाढदिवसाला नारळाच्या दुधातला शिरा केला आणि आत्यांनी तो सगळ्यांना कौतुकानं वाढला. अशी बहुतेक पोरं वर्षाच्या आसपास दूध सोसायला लागतात. आमचंही डॉक्टरबाईंच्या सांगण्यावरून पायरी पायरीनं चाललंय. आधी खूप भाजलेल्या बिस्किटातलं थोडं दूध, कारण उष्णतेनं प्रथिन बदलतं आणि सोसायला सोपं जातं. ते बिनत्रास उतरलं. आता धपाट्याच्या पिठात दोन चमचे दूध घालून भाजतो. त्यानंतर दही, आणि साधं दूध सगळ्यात शेवटी.