स्टिअरमनचे तास आणि विम्याचा एक रकाना

विम्याच्या अर्जातल्या एका रकान्याने माझा अख्खा उन्हाळा खाल्ला. राग अजून उतरलेला नाही, म्हणूनच लिहितोय. अमेरिकेत राहून स्टिअरमनसारख्या जुन्या बायप्लेनवर (एकावर एक दोन पंखांच्या विमानावर) एकट्याने उडायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी हे आधी वाचावं.

खासगी पायलटचं लायसन्स माझ्याकडे होतं, पण सगळे तास सेसना 172 वरचे, म्हणजे नाकाखाली चाक असलेल्या विमानावरचे. टेलव्हील, म्हणजे शेपटीखाली चाक असलेल्या विमानासाठी वेगळं एन्डॉर्समेंट (इन्स्ट्रक्टरची लेखी परवानगी) लागतं. त्याला परीक्षा नाही, किमान तासांची अट नाही. साधं आणि क्रॉसविंडमधलं टेकऑफ-लँडिंग, व्हील लँडिंग (शेपूट वर ठेवून पुढच्या चाकांवर उतरणं), गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर जाणं) नीट जमतंय अशी इन्स्ट्रक्टरची खात्री पटली की तो लॉगबुकात सही करतो. माझी सही झाली, तीही स्टिअरमन पीटी-17 वर, आणि मला त्याचा अभिमान आहे. हे विमान जमिनीवर असताना मागच्या कॉकपिटमधून नाकासमोरचं काही दिसत नाही, जमिनीवर नागमोडी चालवत बाजूने बघावं लागतं. चाकांमधलं अंतर कमी, त्यामुळे उतरल्यावर रडरवरचे पाय जरा सुस्तावले की शेपूट पुढे धावायला बघते. ग्राउंड लूप म्हणतात तो हाच.

आता मला उडवायचं होतं ते माझ्या फ्लाइंग क्लबचं विमान. नौदलाच्या पिवळ्या रंगातलं एन2एस-5, कागदोपत्री नाव ‘बोइंग ई75’. ते एकट्याने उडवायचं तर क्लबच्या पॉलिसीत माझं नाव चढायला हवं, आणि त्यासाठी अर्जातल्या त्या रकान्यात ‘याच मेक आणि मॉडेलचे’ (बनवणारी कंपनी आणि प्रकार) ठरावीक तास हवेत. ते माझ्याकडे होते. पण लॉगबुकात होतं ‘स्टिअरमन पीटी-17’. विमा कंपनीकडून उत्तर आलं: बोइंगचे तास शून्य, ई75 चे तास शून्य.

मी इतिहास लिहून पाठवला. लॉइड स्टिअरमन यांनी कंपनी काढली ती कॅलिफोर्नियात, मग ती कॅन्ससमधल्या विचिटात आली. मॉडेल 75 (पीटी-17 आणि ई75 दोन्ही त्यातलेच) आलं तोवर ते कंपनी सोडून गेले होते आणि कंपनी बोइंगची झाली होती. म्हणून आजही कुणाच्या कागदावर मेक ‘स्टिअरमन’ असतो, कुणाच्या ‘बोइंग’. लष्कराने लायकमिंग इंजिनवाल्याला पीटी-13 म्हटलं, 220 अश्वशक्तीच्या कॉन्टिनेन्टलवाल्याला पीटी-17, जेकब्सवाल्याला पीटी-18. नौदलाने आपले आकडे वेगळे लावले, एन2एस-1 पासून 5 पर्यंत. त्यातलं 5 आणि लष्कराचं पीटी-13डी तर एकच. पंख तेच, वेल्ड केलेल्या स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा तोच, वरच्या पंखातली इंधनाची टाकी तीच. पहिल्या महायुद्धातल्या कर्टिस जेनी या शिकाऊ विमानाचंही असंच होतं. जेएन-4 मधलं 90 अश्वशक्तीचं ओएक्स-5 इंजिन काढून 150 चं हिस्पानो-सुइझा बसवलं की ती जेएन-4एच, पण जेनी ती जेनीच.

या पत्राला उत्तर आलं ते पुन्हा त्याच अर्जाचं, तोच रकाना रिकामा ठेवून. मी फोन केला की नवीन माणूस, नवीन माणसाला पहिल्यापासून सगळं सांगायचं. मग सांगण्यात आलं की क्लबच्या विमानावर इन्स्ट्रक्टरसोबत तास भरा. पण त्या इन्स्ट्रक्टरचंही नाव पॉलिसीत हवं, आणि त्याचेही बरेचसे तास पीटी-17 वरचे! हवामान उत्तम, विमान हँगरमध्ये उभं, आणि मी ईमेलला उत्तराची वाट बघतोय. समोरच्याने एकदा विमान जाऊन बघितलं असतं तर हा प्रश्न दहा मिनिटांत मिटला असता, असं मला आजही वाटतं.

खरा फरक त्यांनी विचारायला हवा होता तो वेगळाच. युद्धानंतर यातली कितीतरी विमानं पिकांवर औषध फवारायला गेली आणि त्यांना 450 अश्वशक्तीचं प्रॅट अँड व्हिटनी बसवलं गेलं. ते खरंच वेगळं प्रकरण, तिथे वेगळे तास मागा. त्याबद्दल अर्जात अक्षरही नव्हतं.

सुटलं ते टाइप सर्टिफिकेटच्या (विमानाच्या रचनेला मिळालेल्या सरकारी मान्यतेच्या) डेटा शीटमुळे. हा सरकारी कागद कुणालाही मोफत उतरवून घेता येतो. पीटी-17 म्हणजे ए75एन1 आणि क्लबचं ई75, दोन्ही एकाच सर्टिफिकेटवर आहेत. विमा ब्रोकरकडच्या एका अनुभवी बाईंनीच तो मागितला. त्या म्हणाल्या, “इतिहास नको, एवढं पान पाठवा, आणि इन्स्ट्रक्टरचं दोन ओळींचं पत्र.” पाठवलं. आधी इन्स्ट्रक्टरचं नाव चढलं, मग माझं. मी पार्किंगमध्ये उभा राहून मोठ्याने ओरडलो.

म्हणून लॉगबुकात प्रत्येक उड्डाणासमोर रजिस्ट्रेशन नंबर आणि कागदोपत्री मॉडेल लिहा, लष्करी नाव शेऱ्यात. इंजिनही लिहा. विमा कंपनीशी थेट भांडू नका, टेलव्हीलचा व्यवहार कळणारा ब्रोकर धरा आणि एकाच माणसाचं नाव घेऊन ठेवा. हे सगळं पहिल्या धड्याच्या आधी करा, एन्डॉर्समेंट झाल्यावर नाही. शिकवणारी स्कूल निवडतानाच क्लबच्या विमानाचे कागद बघून घेतलेले बरे.

आणि हो, एकट्याने उडायचं ते मागच्या सीटवरून, तेव्हा सुरुवातीपासून तिथेच बसून शिका. डेटा शीट आणि इन्स्ट्रक्टरचं पत्र फाइलला लावून ठेवा, पॉलिसीच्या नूतनीकरणाला तोच रकाना पुन्हा येतो.