स्लाइड-आउटचं कापड, काळं रान आणि अठराशे रुपये

“ही गाडी हिमाचलात बर्फात उभी राहून आलीय साहेब, मराठवाड्यात काय होणार?” कॅराव्हॅन भाड्याने देणाऱ्याचं हे बोलणं मी खरं मानलं आणि मार्चमध्ये निघालो. मार्च-एप्रिलात इकडे अवकाळी येतो, गाराही पडतात. 2014 च्या मार्चमधली गारपीट इथे कुणालाही विचारा.

संभाजीनगर, वेरूळ, पैठण, अंबाजोगाई झकास झालं. (वेरूळ मंगळवारी बंद.) रडगाणं आहे ते पाचव्या रात्रीचं.

तुळजापूरच्या अलीकडे ज्वारी काढलेल्या रानात गाडी लावली. शेजारच्या वस्तीवरचे आबा सांगून गेले होते, “काळ्या रानात का लावायलाव दादा? मुरमावर घ्या की.” जमीन दगडासारखी कडक होती, शिवाय मुरूम रस्त्याला लागून आणि ट्रकची घरघर नको. म्हणून ऐकलं नाही. साडेदहाला गारा, मग तासभर झोडपून पाऊस. डावी चाकं चिखलात बसली. स्लाइड-आउट, म्हणजे बटण दाबलं की गाडीच्या भिंतीतून बाहेर सरकणारा खोलीचा भाग, होता उजवीकडे. त्याच्या छतावर कापड ताणलेलं असतं, स्लाइड आत घेतला की ते गुंडाळलं जातं. गाडी डावीकडे कलल्यामुळे त्या कापडाचा बाहेरचा उतार उलटा गाडीकडे झाला. पाणी तिथेच तुंबलं, वर गारांचा थर. कापड दहा फूट बाय अडीच फूट, पाणी सरासरी पाच सेंटीमीटर धरलं तरी शंभर किलोच्या वर वजन! घाबरून बटण दाबलं, स्लाइड आत घेतला. शुद्ध गाढवपणा. ते सगळं पाणी रबरी पट्टीवरून थेट गादीवर.

तर, कापडावर पाणी असताना स्लाइड आत घ्यायचा नाही. झाडूला टॉवेल गुंडाळून कापड खालून उचला, पाणी बाहेरच्या कडेने उतरवा, मगच बटण. गाडी लावतानाच स्लाइडच्या बाजूला इंचभर कलती ठेवा, दुसऱ्या बाजूच्या चाकांखाली जाड फळ्या घाला. कापड आणि स्लाइडचं छत यांच्यामध्ये पंक्चरवाल्याकडची जुनी ट्यूब फुगवून सरकवली की मधे फुगवटा येतो आणि पाणी थांबत नाही. वारा सुटला की मात्र ती काढा. गारा खरवडू नका, मऊ झाडूने ढकला. बर्फाच्या मुलखात जाणाऱ्यांनीही हेच करावं. कापड गोठून कडक झालं असेल तर वितळेपर्यंत गुंडाळू नका. ओलं गुंडाळावंच लागलं तर पहिलं ऊन पडताच उघडून वाळवा, नाहीतर बुरशी येते.

सकाळी ट्रॅक्टरवाल्याने गाडी ओढायचे अडीच हजार मागितले. अंतर जेमतेम साठ पावलं! अठराशेवर आला. आधी ठरवल्याशिवाय साखळी अडकवू देऊ नका. भाडेवाल्याने कापड ताणलं म्हणून अनामतीतले चार हजार कापले ते वेगळेच. गाडी घेताना कापडाचे फोटो काढले असते तर भांडलो असतो.

आबांच्या आंब्याखाली कैऱ्यांचा सडा पडला होता. तरी त्यांनी चहा दिला, गादी वाळवायला बाज दिली आणि मुरमाचं नावही काढलं नाही.

दोघंच जाणार असाल तर स्लाइड-आउटवाली गाडी घेऊच नका.