एवढ्या गाई आणि डब्यातलं दूध

कुंपणापलीकडे दोन-तीनशे काळ्या अँगस गाई, निम्म्या व्यायलेल्या, उरलेल्यांच्या कासा तटतटलेल्या. आणि नाश्त्याच्या टेबलावर सुपरमार्केटातून आणलेला दुधाचा प्लास्टिकचा कॅन. आईने तो उचलून पाहिला, मग खिडकीबाहेर पाहिलं, मग माझ्याकडे.

"ह्यांच्यात कुणाला धारा काढता येत न्हाईत का गं?"

मांसासाठी पाळलेल्या गाई इथे कुणी पिळत नाही, सगळं दूध वासरांचं, असं मी सांगितलं. 'मांसासाठी' हा शब्द जरा पुटपुटलेच. डेन्व्हरहून निघताना "वासरं-शिंगरं बघायला जाऊ" एवढंच बोलले होते आणि पुढचं कसं सांगायचं ह्या काळजीत ७०० किलोमीटर गाडी चालवली होती.

"आपल्याकडचं गोऱ्हे बाजारातनं कुठं जातात ते मला म्हाईत न्हाई व्हय?" ती म्हणाली आणि टोस्टला लोणी लावायला लागली.

जागा म्हणजे अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातली एक रँच, गुरं पाळायची मोठी वाडी, शेरिडन गावाजवळची, बिगहॉर्न डोंगराच्या पायथ्याची. राज्याची लोकसंख्या सहा लाखांच्या आत आणि गुरं त्याच्या दुप्पट, त्यामुळे वाटेतलं कॅस्पर शहर सोडल्यावर सोबत फक्त वाऱ्याची. पाहुण्यांना पैसे घेऊन रँचवर ठेवायची पद्धत ह्या भागात जुनी आहे. ईटन बंधू १९०४ मध्ये डाकोटातून इथे आले. डाकोटात त्यांच्याकडे मित्रमंडळी यायची आणि महिनोन्‌महिने राहायची, शेवटी खर्च परवडेना म्हणून पाहुण्यांकडून पैसे घेणं सुरू झालं. ही गोष्ट आईला अजिबात पटली नाही. "पाव्हण्याकडनं पैसं?" आमचं चार रात्रींचं बिल मी तिला अजून सांगितलेलं नाही, इथेही सांगत नाही. एवढंच म्हणते की तेवढ्या पैशांत खोली तरी गरम असावी.

बहुतेक रँच पाहुण्यांसाठी जूनच्या सुमारास उघडतात. आम्ही गेलो एप्रिलच्या शेवटी, मुद्दाम वेताच्या दिवसांत. वसंत म्हणावा तर दुसऱ्याच दिवशी सकाळी वीतभर बर्फ.

आणि त्याच सकाळी एक पहिलारू अडली.

तिला गोठ्यात घेतली होती. मालकीणबाई आणि एक पोरगेला गडी आत, आम्ही लाकडी फळ्यांच्या बाहेर. आईच्या अंगात लुगड्यावर माझा पार्का, पायात माझ्या मुलाचे बर्फातले बूट. बाहेर दोन पाय दिसत होते आणि बराच वेळ तेवढेच दिसत होते. मला काही कळत नव्हतं. आई फळीवर हनुवटी टेकून म्हणाली, "खुरांचं तळवं खाली हाईत. सरळ हाय, पण मोठं हाय." तळवे वर असते तर वासरू उलटं, मागच्या पायांनी आलेलं, हे मला मागाहून कळलं. खटाव तालुक्यात माहेरच्या आणि सासरच्या मिळून किती गाई तिने सोडवल्या असतील, मी कधी विचारलंच नव्हतं. मी बोर्डिंगला होते, मग पुण्यात, मग इथे.

गड्याने पायांना साखळ्या अडकवल्या. कळ आली की ओढायचं, कळ गेली की थांबायचं, आणि ओढ सरळ मागे नाही, खाली, गाईच्या पायांकडे. आई मनातल्या मनात ओढत होती, फळीवरची तिची बोटं पांढरी पडलेली दिसत होती. डोकं आलं, खांदे आले आणि बाकीचं सगळं एकदम घसरून पेंढ्यात पडलं. काळं, चिकट, वाफाळतं. आणि हलेना.

"नाकात काडी घाला!" आई ओरडली. मराठीत.

मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तोवर मालकीणबाईंनी पेंढ्यातली काडी उचलून त्याच्या नाकपुडीत सारलीही होती. वासरू फुसकन शिंकलं. मान हलवली. बरगड्या भात्यासारख्या चालू लागल्या. मालकीणबाईंनी वळून फळीवरच्या आईकडे पाहिलं; आईने मान डोलावली, 'बरोबर' अशी, परीक्षकासारखी. चौदा वर्षं अमेरिकेत काढून मला कुणी तसं बघितलेलं नाही.

त्यानंतर आई पाहुणी राहिली नाही. नाळेला आयोडीन लावताना ती आत, गोणपाटाने वासरू चोळताना ती आत. दुपारी तिने माझ्याकरवी विचारलं, थोडा चीक मिळेल का, खरवस करून घालते सगळ्यांना. मालकीणबाईंनी तिला मागच्या खोलीत नेऊन फ्रीझर उघडून दाखवला. पिशव्यांमध्ये चीकच गोठवून ठेवलेला, वर तारखा. ज्या वासराची आई गेली किंवा पाजत नाही, त्याच्यासाठी. पहिल्या काही तासांतच पोटात जायला हवा. दिवस उलटला की त्यातली रोगांशी लढायची ताकद वासराच्या आतड्याला घेता येत नाही. आईने झाकण स्वतःच लावलं. "ऱ्हाऊ दे. त्यांचं हाय."

मधले दोन दिवस रपेट, चिखल, टेक्सासचं एक बडबडं जोडपं आणि बीन्स.

खरी मी आले होते शिंगरासाठी. एका तांबड्या घोडीच्या सडांवर मेणासारखे थेंब आले होते, म्हणजे आज-उद्या. दोन रात्री आम्ही सहा-सात पाहुणे खुर्च्या टाकून तिच्या ठाणासमोर बसलो, दिवा लावून, फोन रोखून. घोडी आमच्याकडे बघत गवत खात राहिली. आई म्हणाली, "दिवा घालवा आन्‌ उठा हितनं. सात जणांनी तोंडाकडं बघत बसल्यावर कोण विईल?" मी भाषांतर केलं नाही. पैसे भरले होते ना.

तिसऱ्या रात्री एकेक करत सगळे उठून गेले. दीडच्या सुमाराला माझे पाय बधिर झाले, मी दुसरे मोजे आणायला खोलीत गेले आणि खरं सांगायचं तर पलंगावर जरा टेकले. परत आले तेव्हा दिवा मालवलेला होता. अंधारात आई खुर्चीवर, आणि पेंढ्यात चार लांब काड्या गोळा करू पाहणारं काहीतरी. पाणमोट फुटली की घोडी वीस-पंचवीस मिनिटांत मोकळी होते, हे मला माहीत होतं. वाचून.

"कसं झालं?"

"काय न्हाई. आडवी झाली, दोन-चार कळा दिल्या, झालं."

टॉर्च लावून पाहिलं तर शिंगराच्या खुरांना पिवळट, लिबलिबीत बोटं फुटल्यासारखी. पोटात आईला खूर टोचू नयेत म्हणूनचं मऊ आवरण. चालायला लागलं की झिजून जातं. शिंगरू चौथ्या खेपेला उभं राहिलं, भिंतीला प्यायला गेलं, मग सापडलं.

मला झोपायचं होतं. पण वार पडेपर्यंत आई हलेना. पडली तेव्हा मालकीणबाईंनी ती जमिनीवर नीट पसरली, एखादा तुकडा आत राहिला नाही ना बघायला, आणि आईने दुसरं टोक धरलं.

माझ्या फोनमध्ये त्या घोडीचे १३७ फोटो आहेत. सगळ्यांत ती उभी आहे.