आमची वाटचाल : ट्रेडलपासून व्हॉट्सॲपपर्यंत वाढदिवसाची पत्रिका

बेळगावात, शहापूरला आमचा छापखाना खिळे जुळवून छापायच्या जुन्या ट्रेडल मशीनवर सुरू झाला, तेव्हा वाढदिवसाची पत्रिका म्हणजे एकसष्टी नाहीतर सहस्रचंद्रदर्शन. लहान मुलांचे घरात औक्षण व्हायचे, पत्रिका कोण छापणार? पुढे ऑफसेट छपाई आली, संगणकावर मजकूर जुळवायचे डीटीपी आले, आणि आता पहिल्या वाढदिवसाचे काम लग्नसराई नसतानाही चालू असते. मशिनी बदलल्या, मॅटरमधल्या, म्हणजे छापायला येणाऱ्या मजकुरातल्या, चुका मात्र त्याच.

सगळ्यात जास्त घोळ आकड्याचा. मुलाला वर्ष पूर्ण होते तो पहिला वाढदिवस, आणि त्याच दिवशी दुसरे वर्ष लागते. आजोबांनाही हाच हिशेब. एकसष्टीच्या पत्रिकेवर '६१वा वाढदिवस' छापले की वर्षाचा फरक पडतो, म्हणून 'वयाची ६० वर्षे पूर्ण करून ६१व्या वर्षात पदार्पण' असे लिहायचे. सहस्रचंद्रदर्शन तर वाढदिवसाला येतच नाही. हजार पौर्णिमा, प्रत्येकी साडेएकोणतीस दिवसांहून किंचित जास्त अंतराने, म्हणजे साधारण ८० वर्षे १० महिने. आम्ही आधी जन्मतारीख मागतो, मग शब्द ठरवतो.

सीमाभागातले खरे दुखणे वेगळे. आई मराठी, वडील कन्नड, पत्रिका दोन्ही भाषांत. कन्नडमध्ये 'श्रीमती' सुवासिनीलाही लावतात. आमच्याकडे 'श्रीमती' वाचले की पाहुणे विधवा समजतात. कन्नड मॅटरवरून मराठी मजकूर जसाच्या तसा उतरवला की आजीच्या नावाशी भलताच अर्थ चिकटतो. मराठीत 'सौ.'च हवे. नावांचेही तसेच. कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्व-दीर्घ असे दोन-दोन, मराठीत एकेकच, म्हणून नाव अक्षराला अक्षर उतरवता येत नाही. 'प्रसाद'च्या शेवटी कन्नडमध्ये हलन्त द्यायचा की नाही, हे ज्याच्या त्याच्या घरी विचारावे, छापखान्याने ठरवू नये. कन्नड प्रूफ, म्हणजे छापण्याआधीचा तपासणीचा नमुना, कन्नड वाचणाऱ्या नातेवाइकाकडूनच तपासून आणायला सांगतो.

मजकूर जितका कमी तितका बरा. पाच बाय सातच्या कार्डावर एवढे पुरते :

॥ श्री गणेशाय नमः ॥
सस्नेह नमस्कार वि. वि.
आमचे चिरंजीव ओंकार यांच्या प्रथम वाढदिवसानिमित्त आपण सहकुटुंब, सहपरिवार उपस्थित राहून शुभाशीर्वाद द्यावेत, ही विनंती.
औक्षण : सायं. ६.३० वा. स्नेहभोजन : ७.३० पासून

याखाली वार, तारीख, स्थळ, निमंत्रक. वार कॅलेंडरवर ताडून पाहायचाच. 'आशिर्वाद' नव्हे 'आशीर्वाद', 'अभिष्टचिंतन' नव्हे 'अभीष्टचिंतन'. हे दोन शब्द दर तिसऱ्या कागदावर चुकलेले येतात. चारोळ्यांना आमचा विरोध नाही, पण त्या घातल्या की अक्षर बारीक होते आणि आजोबांना स्थळ वाचता येत नाही.

'सहकुटुंब' या एका शब्दावर आचाऱ्याचा अंदाज अवलंबून असतो. शंभर कार्डे, घरटी चार माणसे धरली तरी ताटे चारशे. कार्यालय लहान असेल तर तो शब्द मॅटरमधून काढायचा आणि ज्यांना सगळ्यांना बोलवायचे त्यांच्या पाकिटावर हाताने लिहायचा. आहेर नको असेल तर 'कृपया आहेर आणू नये' एवढेच पुरे.

व्हॉट्सॲपवर आलेले मॅटर युनिकोडमध्ये असते. जुन्या श्रीलिपी फॉन्टच्या फाइलमध्ये ते तसेच चिकटवले की अक्षरांचा चिवडा होतो, म्हणून बदलून घ्यावे लागते. बदलताना रफार आणि जोडाक्षरे घसरतात. 'आशीर्वाद'चा रफार पहिल्यांदा बघायचा. चारही बाजूंना तीन मिलिमीटर ब्लीड सोडायचे, म्हणजे रंग कापायच्या रेषेबाहेर तेवढा वाढवायचा, नाहीतर कटिंगमध्ये काठ पांढरा दिसतो.

प्रूफवर घरच्या एकाच माणसाची सही घ्यायची. मामांनी एक दुरुस्ती सांगायची, काकांनी दुसरी, आणि शेवटी दोन वेगळ्या वेळांची दोन चित्रे पाहुण्यांच्या ग्रुपवर फिरायची, हे इथे नेहमीचे आहे. म्हणून फोनवर पाठवायचे चित्रही छापील प्रूफला सही मिळाल्यावरच देतो.