सेकिगाहारा: निशाणं वाचत फिरायचं रणांगण

सामुराईंची चिलखतं जपानात बऱ्याच संग्रहालयांत दिसतात. ती एवढी भडक का, हे मात्र सेकिगाहाराच्या माळावर उभं राहिल्यावर नीट कळतं. नागोयाहून ओगाकीमार्गे तासाभरात पोहोचता येतं. जेआर पास (जपान रेल्वेचा पर्यटकांसाठीचा पास) चालतो.

१६०० च्या ऑक्टोबरात जपानवरच्या सत्तेसाठी तोकुगावा इएयासू आणि इशिदा मित्सुनारी या दोन सरदारांच्या फौजा इथे भिडल्या. सकाळी दाट धुकं, त्यात बंदुकांचा धूर. अशा वेळी आपला कोण, परका कोण? म्हणून शिपायाच्या पाठीवरही निशाण असे. चिलखत बघताना नुसतं समोरून बघून पुढे जाऊ नका, शक्य असेल तिथे मागे जा. काठी अडकवायची खोबण आणि नळी पाठीवरच असते. उभ्या झेंड्यांना वरूनही आडवी काठी असते, त्यामुळे वारा पडला तरी कापड लोंबत नाही, चिन्ह वाचता येतं. शिवाय पराक्रम कोणी केला हे दिसलं, तरच इनाम मिळणार!

आधी रणांगणाच्या संग्रहालयात पाचव्या मजल्यावर जा. काचांतून सगळं खोरं दिसतं. मग चालत किंवा भाड्याच्या सायकलीने सासाओयामा टेकडी गाठा. हा मित्सुनारीचा तळ. त्याच्या निशाणावरच्या सहा अक्षरांचा अर्थ ‘एकाने सर्वांसाठी, सर्वांनी एकासाठी झटावं, म्हणजे सुख नांदेल’ असा सांगतात. इएयासूच्या निशाणावर मलिन जग सोडून अमिताभ बुद्धाच्या शुद्धभूमीची आस धरणारं वचन होतं. लढाईत हे वचन मिरवायचं, म्हणजे कमालच.

मित्सुनारीच्या बाजूच्या शिमाझू घराण्याच्या निशाणावरच्या, वर्तुळातल्या फुलीला बरेच जण क्रूस समजतात. पण गोव्याहून निघालेले फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये त्यांच्याच कागोशिमात उतरले, त्याच्या कितीतरी आधीपासून ही फुली वापरात होती. समोरच्या मात्सुओ डोंगरावर मित्सुनारीच्याच बाजूच्या कोबायाकावा या सरदाराचं निशाण होतं. तो ऐन लढाईत इएयासूला फितला, म्हणजे निशाण तेच राहिलं, बाजू बदलली. वर चढायला पाऊण तास धरा, बूट चांगले हवेत.

वेळ असेल तर त्याच मार्गावर मैबारापुढचं हिकोने चुकवू नका. ई घराण्याची लाल चिलखतं किल्ल्यातल्या संग्रहालयात आहेत. ताकेदा घराणं १५८२ मध्ये बुडालं, त्याचे लढवय्ये इएयासूचा सरदार ई नाओमासा याच्याकडे आले आणि त्यांचा लाल रंगही आला. शिरस्त्राणावरची सोनेरी शिंगं बघा: दोन्ही बाजूंना असतील तर धन्याचं, कपाळावर असतील तर चाकराचं. मांडलेली चिलखतं अधूनमधून बदलतात.

रणांगणाचं संग्रहालय सोमवारी बंद असतं, तिकीट आधी ऑनलाइन राखून ठेवा. टेकड्यांवर खाण्याची सोय धरू नका. शाकाहाऱ्यांनी दशम्या सोबत न्याव्यात. जानेवारी-फेब्रुवारीत इथे एवढा बर्फ पडतो की शिंकान्सेन या बुलेट ट्रेनलाही वेग कमी करावा लागतो, तेव्हा ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा.