मॅडम राजापूरला चालल्या

सोमवार, रात्री

आमच्या उपप्राचार्य मॅडमचा, परीक्षा विभागही त्याच बघतात, अर्ज आज माझ्याकडे आवकला आला. राजापूर तालुक्यातल्या एका महाविद्यालयात प्राचार्य म्हणून निवड झाली आहे, विद्यापीठाची मान्यता मिळाली आहे, तरी धारणाधिकार (म्हणजे लीन, इथल्या जागेवरचा हक्क) कायम ठेवून महिनाअखेरीस कार्यमुक्त करावे, ही विनंती. चार ओळींचा अर्ज. शिक्का मारला, नंबर टाकला, प्राचार्यांच्या फोल्डरमध्ये ठेवला. त्यानंतर बराच वेळ माझ्या हातून धड काम झालं नाही.

कल्पना होतीच. त्यांची फाइल लावायला मीच मदत केली होती. प्राचार्यपदासाठी यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018 च्या नियमावलीप्रमाणे पीएच.डी. लागते, प्राध्यापक किंवा सहयोगी प्राध्यापक असावं लागतं, 15 वर्षांचा अनुभव, 10 शोधनिबंध आणि किमान 110 संशोधन गुण लागतात. प्रत्येक गुणामागे कागद. झेरॉक्सचे गठ्ठे लावताना, टॅग ओवताना सारखं मनात यायचं की यांची निवड होणार, आणि झाली की आपलं ऑफिस पोरकं होणार. तरी एक कागद कमी पडू दिला नाही. ज्या माणसाने वीस वेळा आपली बाजू घेतली, त्याच्या कागदात आपण कमी पडायचं नसतं.

आमचं कॉलेज कोपरखैरण्याला, अनुदानित. मुलं घणसोलीची, तुर्भ्याची, रबाळ्याची, दिघ्याची; काही कळव्याहून येतात. माथाडींच्या घरातली बरीच. आजोबा साताऱ्याकडून मुंबईत आले, पाठीवर गोण्या वाहिल्या, 1969 चा माथाडी कायदा झाल्यावर त्यांच्या मजुरीला काही आधार आला, पुढे मार्केट वाशीला हललं आणि घरं इकडे आली, असा अनेकांचा इतिहास. या घरांतून पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोचणारी मुलं अजूनही आमच्या काउंटरवर उभी असतात. त्यांचे प्रश्न प्राचार्यांपर्यंत जात नाहीत. ते उपप्राचार्यांच्या दारात सुटतात, नाहीतर तिथेच अडकतात.

मंगळवार

एका मुलाची गोष्ट लिहून ठेवते, कारण मॅडम गेल्यावर ती कुणाच्या फाइलमध्ये सापडणार नाही.

मुंबई विद्यापीठाचा हजेरीचा अध्यादेश आहे, ओ. 6086. सरासरी 75 टक्के हजेरी हवी, नाहीतर परीक्षेला बसता येत नाही. सत्र संपत आलं की शिक्षक हजेरीपत्रकं देतात, आम्ही डिफॉल्टरची यादी काढतो, ती बोर्डावर लागते, आणि मग ऑफिससमोर पालकांची रांग. एका वर्षी यादीत एस.वाय.बी.कॉम.चा एक मुलगा होता, हजेरी फारच कमी. यादी तयार करून मी मॅडमपुढे सहीला ठेवली.

मॅडमनी सही केली नाही. मूळ हजेरीपत्रकं मागवली. पट्टी ठेवून एकेक ओळ बघत गेल्या. पाच-सात मिनिटांनी म्हणाल्या, "ताई, हे बघा. हा तिसऱ्या लेक्चरपासून रोज आहे. पहिल्या दोनलाच नसतो." मी पाहिलं तर खरंच, सकाळी सात-दहाच्या आणि आठच्या रकान्यात ए, ए, ए, आणि पुढे सगळीकडे पी. मग त्यांनी त्याच वर्गातली आणखी नावं तपासली. तशीच आणखी मुलं निघाली. सगळी रात्री मार्केटला जाणारी.

मुलाला बोलावलं. उंच, हडकुळा, शर्टाच्या बाहीवर कोथिंबिरीचा हिरवा डाग. वडील भाजी मार्केटला माथाडी होते, पाठीच्या दुखण्याने घरी बसले होते. हा एका गाळ्यावर रात्री हिशेबाला बसायचा. गाड्या रात्रीच लागतात, उजाडेपर्यंत माल उतरतो, त्यानंतर घरी जाऊन अंघोळ करून तो कॉलेजला यायचा. हे त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. मॅडमनी त्याला खुर्ची दिली. "जेवतोस कधी?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता.

खऱ्या कारणासाठी हजेरीत सूट देण्याची तरतूद नियमातच आहे. ती वापरायला कागद लागतात, आणि कागद मागायला आधी कुणीतरी त्या मुलाशी बोलावं लागतं. दवाखान्याचे कागद आले, गाळ्यावरच्या शेटचं पत्र आलं, हजेरी समितीपुढे विषय गेला, इतिवृत्तात नोंद झाली. सगळं चोख.

पण मॅडम तिथे थांबल्या नाहीत. पुढच्या सत्राच्या वेळापत्रकात त्या वर्गाची सकाळची पहिली दोन लेक्चर्स अकरानंतर नेली. यावर स्टाफरूममध्ये बरीच कुरकुर झाली, आणि अडचण खरीही होती: बारा वाजता ज्युनियर कॉलेज भरतं, मग खोल्या कुठून आणायच्या? मॅडमनी ज्युनियरचं वेळापत्रक मागून घेतलं आणि त्यांची मुलं प्रॅक्टिकलला लॅबमध्ये असतात त्या वेळी कोणत्या खोल्या रिकाम्या राहतात ते शोधलं. शनिवारचा अख्खा दिवस त्या कागद पसरून बसल्या होत्या. मी चहा नेऊन ठेवला तो तसाच गार झाला. सोमवारी वेळापत्रक लागलं.

तो मुलगा पास झाला. आता एका सीएच्या ऑफिसात आहे. मार्कशीट न्यायला आला तेव्हा आधी मॅडमच्या केबिनमध्ये गेला.

गुरुवार

स्टाफरूममध्ये दिवसभर एकच विषय. "एवढं चांगलं चाललंय, ठाण्यात घर आहे, कोकणात कशाला जायचं?" कुणी म्हणालं पगारात असा काय मोठा फरक पडणार. कुणी म्हणालं, प्राचार्यच व्हायचं तर इथे मुंबईत झाल्या असत्या.

मला हे बोलणं लागतं. 2018 मध्ये रुईयाचे प्राचार्य सुहास पेडणेकर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, तेव्हा सगळ्यांना त्यात स्वाभाविक बढती दिसली. लहानाकडून मोठ्याकडे जाणं लोकांना लगेच कळतं. मोठ्याकडून लहानाकडे कुणी निघालं की कारण शोधायला लागतात. राम ताकवले पुणे विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले. तेच पुढे 1989 मध्ये नाशिकच्या नव्या मुक्त विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. घर सांभाळणाऱ्या बायका, नोकरी करणारे, शिक्षण अर्धवट सुटलेले असे कितीतरी जण त्या विद्यापीठातून पदवीधर झाले. आमच्याकडचे दोन शिपाईसुद्धा त्यातलेच. मॅडम हे उदाहरण मुलांना नेहमी द्यायच्या. आता कळतं की ते त्यांना स्वतःलाही हवं होतं.

आणि माझं सांगायचं तर मी लांज्याकडची. बारावी झाल्यावर बाबांनी मला तुर्भ्याला मामाकडे पाठवलं. गावाजवळ कॉलेज होतं, पण "तिथे शिकून काय होणार" असं घरात सगळ्यांना वाटायचं. मामाच्या दीड खोलीत सहा माणसांत मी सातवी. मामीने कधी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही, तरी दुसऱ्याच्या घरात राहून शिकणं काय असतं ते मला माहीत आहे. माझ्या दोन चुलत बहिणींना मामा नव्हता. त्यांचं शिक्षण बारावीलाच संपलं. त्या माझ्यापेक्षा हुशार होत्या.

म्हणून मॅडम राजापूरला चालल्या याचं मला वाईट वाटतं आणि त्याहून जास्त बरं वाटतं. तिथल्या कुठल्यातरी मुलीच्या बाबांना "इथेच शिक, इथल्या प्राचार्य बाई चांगल्या आहेत" असं म्हणता आलं, तर ती घरी राहून पदवीधर होईल. राजापूर रोड स्टेशन गावापासून लांब, पावसात अर्जुनेचं पाणी बाजारपेठेत शिरतं, एसटी वेळेवर आली तर आली. सात-दहाच्या लेक्चरचा प्रश्न तिथेही असणार, कारण वेगळं असेल इतकंच. मॅडम तिथेही पट्टी ठेवून हजेरीपत्रक बघतील याची मला खात्री आहे.

शुक्रवार

निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. मॅडम थोडक्यात बोलल्या. मुलांनी मात्र जिन्यावर गर्दी केली होती, त्यांना हॉलमध्ये जागाच नव्हती. मॅडम भाषणं संपायच्या आधीच उठून त्यांच्यात गेल्या.

शनिवार

आज चार्ज दिला-घेतला. स्ट्राँग रूमच्या चाव्या, परीक्षा विभागाचे शिक्के, कोऱ्या उत्तरपत्रिकांचा साठा मोजून, गैरप्रकारांच्या प्रकरणांच्या फाइली, म्हणजे आमच्या भाषेत पन्नास-पन्नास ए (त्या अध्यादेशाचा क्रमांक). सगळ्याची यादी दोन प्रतींत, दोन्हींवर सह्या.

यादीत नसलेली एक गोष्ट मॅडमनी मला वेगळी दिली. दोनशे पानी वही, परीक्षेच्या दिवशी काय काय करायचं त्याची. विद्यापीठाची प्रश्नपत्रिका हल्ली छापील येत नाही. पेपरच्या थोडा वेळ आधी ऑनलाइन उघडते, कॉलेजने उतरवून घ्यायची, प्रिंट काढायच्या, वर्गावर पोचवायच्या. तेवढ्या वेळात मशीन अडकलं की मुलं खोळंबतात. वहीत पानापानावर मॅडमचं गोल अक्षर: "वीज गेल्यास आधी सर्व्हर रूमचा यूपीएस, मग जनरेटर, एसी लावू नये." "टोनर आदल्या दिवशी बदलावा, शिल्लक दिसत असला तरी." "लेखनिक घेणाऱ्या मुलांचा वर्ग तळमजल्यावर, प्रसाधनगृहाजवळ. आधी त्यांच्या प्रती." एका पानावर लाल पेनाने: "उशिरा आलेल्या मुलाला दारात ओरडू नये. आधी पाणी द्यावे, मग नियम सांगावा."

एका मे महिन्यात ऐन प्रिंटिंगच्या वेळी वीज गेली होती, तेव्हा मॅडम स्वतः मशीनपाशी उभ्या राहून गरम कागद मोजत होत्या. शिपाई मामा जनरेटरला डिझेल आणायला धावले. पेपर वेळेवर सुरू झाला. बाहेर उभ्या असलेल्या मुलांना यातलं काही कळलं नाही, आणि कळू नये हीच मॅडमची धडपड होती. "वीज गेल्यास" हे पान त्या संध्याकाळचं आहे.

रविवार

आता मला जे सलतंय ते.

मॅडम लीनवर चालल्यात. म्हणजे त्यांची सहयोगी प्राध्यापकाची जागा त्यांच्या नावावर राहणार, आणि तोवर ती कायमस्वरूपी भरता येणार नाही. लीन मिळणं योग्यच आहे; प्राचार्यपदाची मुदत पाच वर्षांची, परतीचा रस्ता बंद केला तर कोण जाईल? पण इकडे त्यांचे तास तासिका तत्त्वावरच्या कुणा मुलीला मिळणार. ती तासावर पैसे घेणार, सुट्टीत पैसे नाहीत, पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत. तिच्याकडून आपण हजेरीपत्रकात मुलांची दुखणी शोधायची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

आणि उपप्राचार्यपदाचा, परीक्षेचा कार्यभार? काल कानावर आलं की कॉमर्सच्या सरांकडे अतिरिक्त म्हणून जाणार. सर सज्जन आहेत, कामाचेही आहेत. पण नॅकच्या मूल्यांकनासाठीचा आयक्यूएसी हा गुणवत्ता कक्ष त्यांच्याकडे, एनएसएस त्यांच्याकडे, 2024 पासून नव्या शैक्षणिक धोरणाचे मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह या विषयगटांचे तक्ते जुळवायचं काम त्यांच्याकडे, आणि शिकवणं आहेच. एका माणसावर चार खुर्च्या ठेवल्या की तो कागदावर सह्या करतो, कागद वाचायला त्याला वेळ उरत नाही. यात त्याची चूक नसते. मॅडमनी त्या दिवशी डिफॉल्टरच्या यादीवर सही करायची थांबवली, कारण मूळ पत्रकं मागवायला त्यांच्याकडे दुपार मोकळी होती. ती दुपार गेली तर यादी सरळ बोर्डावर लागेल, नियमाप्रमाणे, कुणाचीही चूक नसताना, आणि रात्री मार्केटला जाणारा मुलगा ड्रॉप घेऊन घरी बसेल.

चांगली माणसं जातात तेव्हा आपण त्यांना दोष देतो किंवा त्यांच्या नावाने हळहळतो. मागची जागा पूर्ण वेळेच्या माणसाने भरा, असं मात्र कुणी लेखी मागत नाही. "बघू, तोवर सांभाळून घ्या" यातच वर्षं जातात.

मी लेखी मागणार आहे. प्राचार्यांमार्फत संस्थेच्या सचिवांना पत्र: परीक्षेचा कार्यभार स्वतंत्र ठेवावा, कॉमर्सच्या सरांना द्यायचाच असेल तर त्यांच्याकडचं एनएसएस आणि आयक्यूएसी दुसऱ्यांना द्यावं, आणि परीक्षा विभागातली लिपिकाची रिकामी जागा भरण्यासाठी पनवेलला उच्च शिक्षण सहसंचालकांकडे नव्याने प्रस्ताव पाठवावा. प्रस्ताव घेऊन मी स्वतः जाईन. इथून ट्रान्स-हार्बरने पनवेल तासाभराचं आहे. राजापूरच्या कॉलेजचंही सहसंचालक कार्यालय पनवेलच. मॅडमच्या माणसांना तेवढ्याच कामासाठी 300 किलोमीटरच्या वर प्रवास करावा लागेल.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला होता. सामान बांधून झालंय, मंगळवारी निघतात. राजापूरच्या परीक्षा विभागात एकच क्लार्क आहे आणि तोही नवा, त्याला वहीतलं सगळं समजावून सांगाल का, म्हणून विचारत होत्या. हो म्हटलं. बुधवारी चारनंतर त्याला व्हिडिओ कॉल करायचा ठरलाय. त्याआधी वहीची झेरॉक्स काढून एक प्रत पोस्टाने पाठवते आणि पत्राचा मसुदा सोमवारी सकाळीच टाइप करते.