रॉ फाइल उघडल्यावर

एडिटिंग म्हणजे फसवणूक का? फोटोग्राफीच्या वर्गात हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता आणि दर काही दिवसांनी नव्याने वाद रंगायचा. त्याचं माझ्यापुरतं उत्तर मला शिकता शिकता, हळूहळू मिळत गेलं.

पहिल्या सत्रात एडिटिंगला हात लावायचा नव्हता. हातात फक्त कॅमेरा, तोही मॅन्युअल मोडवर. ॲपर्चरचे, म्हणजे लेन्समधून प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राचे, आकडे सगळे पाठ करतात: २, २.८, ४, ५.६, ८. मला ते कागदावर मांडल्यावरच पटले. हा आकडा म्हणजे लेन्सच्या फोकल लेंग्थला (लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेल्या आकड्याला) छिद्राच्या व्यासाने भागून येणारं उत्तर. व्यास निम्मा केला की छिद्राचं क्षेत्रफळ पाव होतं, म्हणून एफ/२ वरून एफ/४ वर गेलं की प्रकाश एक चतुर्थांश उरतो. निम्म्याची पायरी मध्ये येते, २.८ वर. प्रकाश असा निम्मा किंवा दुप्पट होण्याच्या पायरीला स्टॉप म्हणतात. शटर स्पीड (प्रकाश किती वेळ आत घ्यायचा) आणि आयएसओ (प्रकाशाला किती संवेदनशील राहायचं) त्यामानाने लवकर अंगवळणी पडले.

मला खरं हलवलं ते कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरने. मॅडमनी एक पांढरी भिंत आणि एक काळं कापड दिलं. दोन्ही फ्रेमभर घ्या आणि मीटर सांगेल तसं एक्स्पोजर ठेवा, म्हणाल्या. दोन्ही फोटो जवळपास सारखेच करडे आले! मीटर समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं आहे असं धरून चालतो, म्हणजे साधारण १८ टक्के प्रकाश परत फेकणारं. भिंत पांढरी आहे हे त्याला कळायला मार्ग नसतो. एक-दोन स्टॉप वाढवून ते आपणच सांगायचं. कॅमेरा आपल्या वतीने काही गोष्टी गृहीत धरतो, हे मला तिथे पहिल्यांदा स्पष्ट दिसलं.

दुसऱ्या सत्रात रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती, आली आणि हा गृहीतांचा भाग केवढा मोठा आहे ते कळलं. सेन्सरच्या पिक्सेलला मुळात रंग दिसत नाही, फक्त प्रकाश किती पडला ते कळतं. त्यावर लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरची बारीक जाळी बसवलेली असते. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांनी या रचनेचं पेटंट १९७६ मध्ये मिळवलं आणि आजही बहुतेक कॅमेऱ्यांत तीच असते. चार पिक्सेलमागे दोन हिरवे, एक लाल, एक निळा. प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो आणि उरलेले दोन शेजाऱ्यांवरून गणिताने भरले जातात. म्हणजे आपण पाहतो त्या फोटोतली दोन तृतीयांश रंगमाहिती अंदाजाने आलेली असते. त्यावर कॅमेरा व्हाइट बॅलन्स लावतो, म्हणजे प्रकाशाच्या रंगाची झाक काढून पांढरं पांढरं दाखवतो, कॉन्ट्रास्ट चढवतो, कडा टोकदार करतो आणि जेपेग करून आपल्या हातात ठेवतो. आम्ही ज्याला ‘एडिट न केलेला’ म्हणून मिरवतो तो फोटो कॅमेऱ्याने एडिट केलेला असतो. हे समजल्यावर माझ्यासाठी प्रश्नच बदलला. ते निर्णय कोणी घ्यायचे, एवढंच ठरवायचं उरलं.

निर्णय घ्यायला जागाही रॉमध्येच असते. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. जेपेगमधलं आकाश जरा ताणलं की पट्टे दिसू लागतात, रॉ बरंच सहन करते. पण तिलाही मर्यादा आहे. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत गडद ते उजळ भाग किती आहेत ते डावीकडून उजवीकडे दाखवणारा आलेख, उजव्या भिंतीला जाऊन चिकटला असेल तर तिथलं पांढरं परत येत नाही, कारण तिथे माहितीच नसते. सावल्या उचलता येतात, फक्त सोबत नॉइज, म्हणजे दाणेदार ठिपके, वर येतो. त्यामुळे आता शटर दाबण्याआधी माझी नजर आपोआप दृश्यातल्या सर्वांत उजळ जागेकडे जाते. एडिटिंगने मला जे दिलं त्यात हे मी सर्वांत वर ठेवेन.

व्हाइट बॅलन्स मला अजूनही अवघड वाटतो. प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका प्रकाश पिवळसर, जास्त तितका निळसर. मेणबत्तीचा प्रकाश साधारण १,९०० केल्विन, दुपारचं ऊन ५,५०० च्या आसपास, मोकळ्या आकाशाखालची सावली ७,००० च्या पुढे. आकडे लक्षात राहतात, पण ऑटो बटणाने संध्याकाळचा पिवळेपणा काढला की संध्याकाळच निघून जाते. मी तो थोडा राहू देते.

चेहरा किंचित उजळ करणं, कोपरे दाबणं हे संगणकाच्या आधीपासून डार्करूममध्ये चालत आलंय. अमेरिकन निसर्गछायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांचा १९४१ मधला ‘मूनराइज’ हा फोटो घ्या. त्यांनी पुढे अनेक वर्षं त्याचे १,३०० हून अधिक प्रिंट काढले आणि नंतरच्या प्रिंटमध्ये आकाश गडद होत गेलं. निगेटिव्ह तीच होती, बदलत होती त्यांची समज. हे वाचल्यावर जुन्या फाइल पुन्हा उघडून बघायला मला फार बळ आलं.

मग फसवणूक कुठे सुरू होते? १९८२ मध्ये नॅशनल जिओग्राफिकने मुखपृष्ठावर बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड संगणकावर जवळ सरकवले आणि त्यावर मोठी टीका झाली. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत पुढच्या फेऱ्यांत गेलेल्यांकडून मूळ फाइल मागितल्या जातात आणि काही जोडलं किंवा काढलं असेल तर फोटो बाद होतो. मला हे योग्य वाटतं. बातमीचा फोटो पाहणाऱ्याला ‘हे असं घडलं’ असा शब्द देतो. कल्पनाचित्र तो शब्द देत नाही, तिथे मुभा जास्त. पोर्ट्रेटसाठी मी रिटचिंगमधला एक जुना नियम धरलाय: आठवड्याभरात जाणारी पुटकुळी काढायची, तीळ, व्रण, सुरकुत्या यांना हात लावायचा नाही. त्या माणसाच्या आहेत.

सॉफ्टवेअरबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कुठलंही घ्या, कर्व्ह (गडद-उजळपणा बदलणारी रेषा) आणि मास्क (बदल फोटोच्या ठरावीक भागापुरता ठेवणारं साधन) नीट शिका, बाकीचं त्यातून सुटत जातं. त्यापेक्षा अवघड आहे निवड. एकाच प्रसंगाच्या ढीगभर फ्रेममधून एक ठेवायची आणि बाकीच्या सोडून द्यायच्या. मॅडम निवडीचं कारण एका वाक्यात लिहून मागतात. ‘छान आला म्हणून’ हे त्यांना चालत नाही.

सध्या सत्राअखेरीच्या प्रिंटचं काम चालू आहे. स्क्रीन स्वतः उजळलेली असते आणि कागद फक्त पडलेला प्रकाश परत करतो, त्यामुळे स्क्रीनवर ठीक दिसणारा फोटो कागदावर बहुधा काळवंडतो. म्हणून आधी मॉनिटरचा ब्राइटनेस उतरवायचा, मग फोटोतल्या सर्वांत गडद भागाची लहान चाचणी प्रिंट काढायची, ती दिवसाच्या उजेडात पाहायची आणि सावल्या बुजल्या असतील तर कर्व्हचा खालचा भाग जरासा उचलून पुन्हा काढायची.